कार्बन प्रत

माझ्या टंकयंत्रात क्ष उठत नव्हता.
साहेब पहिल्यांदा निवडून आले
त्याच उन्हाळ्यात ती कळ मोडली.
दुरुस्तीवाला म्हणाला, भाग मुंबईहून मागवावा लागेल.
साहेब सात वेळा मुंबईला निवडून गेले.
भाग आला नाही.

मी तेवढी जागा सोडायचो, ते पेनानं भरायचे.
ल वेधी सूचना. अध्य महोदय. अ म्य दुर्ल .
आणि तळाला, ल मय्या राजाराम गाजूल, विधानसभा सदस्य.
सही करण्याआधी हा माणूस रोज
स्वतःच्या नावातली फट बुजवत असे.

साखर पेठेत जिन्याखाली आमची खोली.
भिंतीपलीकडे मागाची खटखट, अलीकडे माझी.
सिद्धेश्वर एक्सप्रेस साडेसहाला लागली की
टांग्यानं थेट इकडंच, दाढी वाढलेली,
बॅगेत आमदार निवासातला अर्धा साबण.
कूर्चोंडी, बसा, कूडरी, बैठो.
चार भाषांत बसवायचे,
बाकडं एकच होतं.

सिव्हिलमध्ये खाट, मागाला वीजजोडणी,
कुणाच्या जावयाची अक्कलकोटहून बदली,
अन् एकदा तर गड्ड्याच्या जत्रेत
मौत का कुआँवाल्याला परवाना.
"चाँदसाब, लिहा," एवढंच म्हणायचे.
पुढचं मला पाठ होतं.

गिरणीचा भोंगा थांबला त्या वर्षी
मी तारांकित प्रश्न टाइप केला:
गिरणी बंद पडून कामगार देशोधडीला लागले आहेत,
हे खरे आहे काय?
उत्तर आलं, हे अंशतः खरे आहे.
पुढच्या अधिवेशनात पुन्हा. अंशतः.
नागपूरला, थंडीत, मफलर गुंडाळून. अंशतः.
तोवर आम्ही
भोंग्याशिवाय उठायला शिकलो होतो.

सत्काराच्या शाली कपाटात मावेनात.
एकदा लेबलं वाचत बसले:
लुधियाना, लुधियाना, पानिपत.
"आपल्या गावात, चाँदसाब. आपल्याच गावात."
हसले की ठसका लागला, नीट कळलं नाही.

पाचव्या खेपेला टाइप केलं:
मी आजपासून प सोडत आहे.
पेन बराच वेळ हवेत राहिलं.
शाईचा थेंब पडला,
त्याचाच त्यांनी क्ष केला.

सहाव्या खेपेला
गिरणीच्या जागेबद्दल एक पत्र.
जेमतेम अर्धं पान. नाव सोडलं
तर क्ष कुठंच नव्हता त्यात.
"याची प्रत ठेवू नका," म्हणाले, पंख्याकडं बघत.
मी फाडली.
कार्बन मात्र त्या दिवशी कोरा घातला होता.
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

आठव्यांदा पडले, अकराशे मतांनी.
दुसऱ्या दिवशी वेळेवर आले,
बाकड्यावर लोकांच्या जागी बसले,
आणि कुणाला पत्र लिहायचं ते आठवेना.

परवा विडी घरकुलातून नरसम्मा येमूल आली.
प्लास्टिकच्या पिशवीत पत्र, एकोणीस वर्षांपूर्वीचं,
पेन्शन प्रकरणी आपण व्यक्तिशः लक्ष घालावे.
क्ष अजून निळाशार.
तिनं ते कुठं दिलंच नव्हतं.
आमदारांच्या हातचं अक्षर आहे, म्हणाली,
साहेबलोक ठेवून घेतात, परत देत नाहीत.
"आता चालंल काय हो?"
मी चहा सांगितला.

माझ्या कपाटात तिच्या पत्राची प्रत आहे,
सगळ्यांच्याच आहेत, बारा गठ्ठे.
शाई फक्त वरच्या कागदावर पडायची,
म्हणून माझ्याकडं ते जिथं जिथं आहेत
तिथं तिथं कोरी जागा आहे.

लोक विचारतात, साहेब माणूस कसा होता, खरं सांगा.
मी चाळीस वर्षं सरकारी उत्तरं वाचलीत,
एक शब्द जिभेवर तयार असतो.
तो गिळतो.

रात्री, घरातले निजले की
तो कार्बन ट्यूबलाइटसमोर धरतो.
अक्षर न् अक्षर उजेडात उमटतं,
गट क्रमांक, एकर, गुंठे, आपला विश्वासू,
आणि तळाला ल मय्या.
मधली तेवढी जागा काळी राहिलीय.